क्लिक झालं की थांबायचं

तिसरा छर्राही भलतीकडेच गेला तेव्हा रोशनीने रायफल टेबलावर ठेवली आणि हातमोजा काढून टाकला.

"काका, मी परवाच्या ट्रायलला नाही उतरत. माझा हातच गेलाय."

नाशिकच्या या शूटिंग क्लबच्या रायफली मी सांभाळतो. आयुष्य अंबडच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये गेलं. रिटायर झाल्यावर इंदिरानगरच्या घरात बायकोच्या डब्यांची झाकणं ठोकत बसण्यापेक्षा हे बरं, म्हणून आलो. पोरांचं रडणं हे माझं खातं नाही, कोचचं आहे. पण कोच ट्रायलच्या धावपळीत होते. मागे खुर्चीवर बसून रोशनीचे वडील गोकुळभाऊ सूचनांचा मारा करत होते. "खांदा खाली घे. श्वास धर. घाई करू नको, बेटा." ते मालेगावात पॉवरलूमचे मेकॅनिक. दर शनिवारी लेकीला घेऊन एसटीने येतात. लेक राज्याच्या संघात दिसावी, एवढं एकच त्यांच्या डोक्यात.

"भाऊ, जरा चहा सांगून या," म्हणत मी त्यांना बाहेर काढलं. मग रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवून स्वतः चालवली. छर्रे पसरले ते पसरलेच. दोष रायफलचा निघाला, मला बरंच वाटलं. रायफलला औषध असतं.

एअर रायफलची नळी आणि यंत्रणा लाकडी दस्त्यात दोन स्क्रूंनी बसवलेली असते. स्क्रू ढिले असले की नेम हलतो, हे सगळ्यांना पटतं. फार आवळले तर लाकूड दबतं, लोखंडावर ताण येतो आणि तरीही नेम हलतो, हे कुणालाच पटत नाही.

पुढच्या स्क्रूला मी षटकोनी ॲलन की लावली. हलेना.

"हा कुणी आवळलाय?"

चहा घेऊन आलेले गोकुळभाऊ दारातच थांबले. "मीच, सर. दर वेळी निघायच्या आधी. हायवेवर गाडी किती हादरते! लूमवर नट ढिला राहिला का दिवस गेलाच समजा." त्यांनी पिशवीतून टी-की काढली. दोन्ही हातांनी फिरवायची, वीतभर दांड्याची.

"भाऊ, ही रायफल आहे. लूम नाही."

"मग ढिली सोडू का? पोरनी रायफल शे ती!" लेकीचा विषय निघाला की भाऊ अहिराणीवर येतात.

रोशनी उठून उभी राहिली. "म्हणजे माझा हात नव्हता गेला?"

"तुझा हात जागेवर आहे. पप्पांचा जरा जास्त आहे."

ती हसली आणि लगेच चिडली. "पप्पा, किती रात्री झोपले नाही मी!" गोकुळभाऊंचा चेहरा पडला. खरं तर मला राग यायला हवा होता, स्क्रूच्या खाचेच्या कडा पार झिजल्या होत्या. पण त्या माणसाची दयाच आली.

झिजलेल्या खाचेत जुनी की घसरते आणि उरल्यासुरल्या कडांचीही वाट लावते. म्हणून धारदार कोपऱ्यांची कोरी की घेतली, तळापर्यंत बसवली आणि दमादमाने स्क्रू सोडवले. नवे घातले. आवळायला आखूड की चालली असती, पण आवळणारा हात मालेगावचा होता. मी टॉर्क ड्रायव्हर काढला. त्यावर आकडा लावायचा. तेवढा जोर झाला की तो क्लिक करतो आणि पुढे आवळत नाही.

"घ्या. तुम्हीच आवळा. थोडा हा, थोडा तो."

क्लिक झालं. गोकुळभाऊंचं मनगट पुन्हा वळलं.

"भाऊ!"

"एवढंच?"

"एवढंच."

"हातालाबी कळलं नाही, सर." टी-की मी माझ्या ड्रॉवरमध्ये टाकली.

पुन्हा पिशवीवरून चालवली, तेव्हा सगळे छर्रे जवळजवळ एकाच भोकातून गेले. साईट जुळवून रायफल रोशनीच्या हाती दिली. तिने खांद्याला लावली. मागून गोकुळभाऊंनी तोंड उघडलं, "खांदा..."

"पप्पा," ती वळूनही न बघता म्हणाली, "क्लिक."

ते गप्प बसले. ट्रायललाही शेवटपर्यंत गप्प होते म्हणे.

संघात रोशनीचं नाव शेवटचं लागलं, पण लागलं. फोनवर गोकुळभाऊंना धड बोलता येत नव्हतं. मला इकडे डोळे पुसावे लागले, हे त्यांना दिसलं नाही ते बरं.

शेवटी म्हणाले, "सर, ती टी-की देता का? लूम बंद पडलाय."

पुढच्या शनिवारी दिली. की चांगलीच आहे. फक्त तिने मालेगावातच राहावं.