ज्याचे त्याचे पैसे

जत्रेसारख्या गजबजलेल्या त्या मोठ्या पार्कच्या दारातच मी दोन्ही मुलांच्या हातात पाचशे-पाचशे रुपये ठेवले. दर सहलीत दोघं ओढणी धरून हट्ट करायची, म्हणून यंदा ही युक्ती.

“तू बस आई, आम्ही जातो,” म्हणत थोरली धाकट्याला घेऊन गेलीसुद्धा.

मी बाकावर बसले. दोघं भाजलेलं कणीस घेताना दिसली, मग टोप्या निवडताना. एकदाही त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

शेजारी एक चिमुरडी फुग्यासाठी रडत होती. तिची आई वैतागली होती. मला त्या बाईचा हेवा वाटला.

संध्याकाळी मुलं परतली, तेव्हा मीच विचारलं, “अजून काही घ्यायचंय का रे?”

“नको,” धाकटा म्हणाला, “पैसे आहेत आमच्याकडे.”