भरलेली टाकी हलत न्हाय

आमच्या घराला दोन कवाडांचं दार आहे आणि त्यातलं डावं कवाड गेली कित्येक वर्षं उघडत नाही. आबा गेले त्या सकाळी ही गोष्ट एकदम सगळ्यांच्या ध्यानात आली. बाहेर बोळात तिरडी बांधून तयार, पेठेतली माणसं पांढऱ्या कपड्यांत उभी, आणि आत आबा... माझे सासरे, शहराच्या बसमध्ये जन्मभर कंडक्टरकी केलेले, अंगानं आणि आवाजानं सारखेच दांडगे. त्यांचा पुतण्या म्हणाला, माशांची टाकी रिकामी करून सरकवू या, म्हणजे दार मोकळं होईल. मी मानेनंच नको म्हटलं. एवढ्या पुरुषमाणसांत मी काही ठरवते आहे याचं माझं मलाच नवल वाटलं. तेव्हा शिरोळचे बापू, आबांचे जन्माचे दोस्त, पुढं झाले. "ऱ्हाऊ दे टाकी," ते म्हणाले. "त्यानंच अडकवलेलं कवाड हाय. जाऊ दे त्याला जरा तिरकं हून." रडता रडता दोघं-तिघं हसले. आणि आबांना हातांवर उचलून, जरा कलतं करून, अर्ध्या दारातून बाहेर नेलं. त्याला आता दीड-दोन महिने होत आले. भेटायला येणारा प्रत्येक जण अंग चोरून आत शिरतो आणि विचारतो, दारातच एवढी मोठी टाकी कशाला ठेवलीय बाई? आजवर सगळ्यांना थोडक्यात उत्तर दिलं. आज मात्र बैजवार सांगणार आहे.

मी कुरुंदवाडची. लग्न होऊन शिवाजी पेठेत आले तेव्हा घरात आम्ही तिघंच. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. माझे यजमान प्रशांत स्वभावानं शांत, आणि त्यांच्या वाटणीचं सगळं बोलणं आबांकडे. आबा घरातही बसमध्ये असल्यासारखेच बोलायचे. ताट वाढलं की "चला, पुढं सरका", आंघोळीला उशीर झाला की "गाडी सुटली हां". सुरुवातीला मी दचकायचे. मग सवय झाली आणि नंतर तर तो आवाज कानावर पडला नाही की घर रिकामं वाटायचं. लग्नाला पुरती तीन वर्षंही झाली नव्हती तोच प्रशांतना कावीळ झाली. कावीळ कसली, निमित्तच ते. चांगला चालता-बोलता माणूस, आणि बघता बघता गेला. मी रडले नाही. का, ते मला आजही सांगता येणार नाही. बायका यायच्या, मला धरून रडायच्या, आणि मी त्यांनाच पाणी द्यायचे. पाठीमागे त्या काय बोलत असतील ते मला कळत होतं, पण डोळ्यांत पाणी यायला तर पाहिजे ना!

प्रशांतनी एका काचेच्या गोल भांड्यात दोन सोनेरी मासे आणून ठेवले होते. त्यातला एक आधीच मेला होता. दुसरा त्यांच्यामागे महिन्याभरानं एका सकाळी पाण्यावर तरंगताना दिसला, आणि मी जे रडायला सुरुवात केली ते थांबताच येईना. ओट्याला धरून खाली बसले आणि शेजारपाजार गोळा होईस्तोवर रडत राहिले. आबा दारात उभे राहून बघत होते. त्यांनी मला उठवलं नाही की समजावलं नाही. थोड्या वेळानं भांडं उचलून उजेडात धरलं, आतलं पाणी न्याहाळलं आणि शेजारच्या काकूंना म्हणाले, "भांडंच ल्हान होतं ओ. कसा जगायचा त्यो?" म्हणजे माझ्या रडण्याचा अर्थ आबांनी असा लावला की पोरीला मासा पाहिजे आहे आणि भांडं मोठं पाहिजे. चूक म्हणाल तर चूकच. पण ह्या चुकीनं मला जेवढं सावरलं तेवढं कुणाच्या शहाणपणानं सावरलं नाही.

त्याच दिवसांत माझ्या माहेरी वेगळंच शिजत होतं. घरात सासरा आणि तरणी विधवा सून, दोघंच. बरं दिसत नाही, असं नातेवाइकांनी माझ्या भावाच्या, राजूदादाच्या कानावर घातलं होतं. दादा वाईट नव्हे, माझ्यावर जीव टाकणारा. त्यानं फोन करून सांगितलं, रविवारी गाडी घेऊन येतो, सामान बांधून ठेव. मी "बरं" म्हटलं. मला जायचं नव्हतं. कुरुंदवाडला गेले की मी पुन्हा कुणाची तरी बहीण, कुणाची तरी नणंद, कोपऱ्यातली एक चटई... पण इथं तरी कुठल्या तोंडानं राहू म्हणणार होते? नवरा नाही, मूल नाही. आबांनी स्वतःहून "राहा" म्हणणंही शक्य नव्हतं, कारण त्याचाही लोकांनी भलताच अर्थ काढला असता. तो विषय दोघंही काढत नव्हतो, आणि रविवार जवळ येत होता.

शुक्रवारी सकाळी आबा म्हणाले, "शुभांगी, चल, शिरोळला जायाचं हाय." कशाला, ते सांगितलं नाही. शिरोळला बापू ट्रॅक्टर आणि ट्रॉली घेऊन उभेच होते. रस्त्याकडेचं एक फॅमिली हॉटेल बंद पडलं होतं आणि त्याचं सामान मालक विकत होता. टेबलं गेली होती, खुर्च्या गेल्या होत्या, मागं राहिली होती ती गल्ल्याजवळची भलीथोरली माशांची टाकी. सहा फुटी, जाड काचेची, लोखंडी स्टँडसकट. आत मासे नव्हते. कुणीतरी त्यात मेनूकार्डं आणि बडीशेपेच्या वाट्या भरून ठेवल्या होत्या. मालक म्हणाला, "पावणं, घरात ठेवायला लई मोठी हुईल ही." आबा म्हणाले, "आमाला मोठीच पायजे." मग त्यांनी टाकीला सगळीकडून हात लावला, सांधे बघितले, एका काचेवर टिचकी मारून कान दिला. त्यातलं त्यांना काही म्हणजे काही कळत नव्हतं. पण बापू बघत होते ना, मग कळल्यासारखं करणं आलंच.

आता न्यायची कशी? ट्रॉलीत खाली काहीतरी मऊ पाहिजे. शहाण्या माणसानं गाद्या आणल्या असत्या, गेला बाजार वाळलेलं पाचट तरी घातलं असतं. पण शेजारच्या रानात ऊसतोड चालू होती आणि बापूंनी हिरवंगार वाडं, म्हणजे उसाचे कोवळे शेंडे, भारे-भारे आणून ट्रॉलीत पसरले. खाली वाडं, चहूबाजूंनी वाडं, आणि मधे टाकी. "हालतीया का बघ आता," म्हणून दोघंही स्वतःवरच खूश. अर्ध्या वाटेवर चहाला थांबलो. चहाच्या टपरीमागे गोठा होता, हे आम्ही कुणीच बघितलं नव्हतं. चहा पिऊन वळतो तर ट्रॉलीच्या मागं म्हशी ओळीनं उभ्या, माना आत घातलेल्या, आणि आमच्या टाकीची गादी निवांत खात होत्या! बापू चाबूक नसताना चाबूक शोधत धावले. आबा मात्र जागचे हलले नाहीत. एक म्हैस काचेवरून जीभ फिरवत होती, तिला म्हणाले, "वाडं खा बाई तू. काच नगं चाटू, लई लांबनं आणलीया." प्रशांत गेल्यापासून मी पहिल्यांदा हसले ती त्या टपरीवर. पदर तोंडाला लावून हसले, मग तोही सोडून दिला.

वाडं संपलं तशी टाकी ट्रॉलीच्या पत्र्यावर आदळायला लागली. शेवटी आबा एका अंगाला बसले आणि मला म्हणाले, "तू तिकडनं धर." मी दुसऱ्या अंगाला बसले. दोघांनी पाठ ट्रॉलीला लावली आणि हातापायांनी टाकी दाबून धरली. सासऱ्यासमोर पाय पसरून बसायची माझ्या जन्मातली पहिली वेळ. मधे दोन काचा, त्यावर म्हशींच्या जिभांचे फराटे, आणि त्यातून दिसणारं आबांचं तोंड. ट्रॅक्टरचा आवाज एवढा की शेजारी बसून ओरडलं तरी ऐकू येऊ नये. सांगली फाटा मागं पडला तेव्हा आबांनी काहीतरी विचारलं. मी कानाला हात लावला. त्यांनी घसा ताणून पुन्हा विचारलं, "तुला जायाचं हाय का दादासंगं?" मी म्हणाले, "न्हाय." त्यांना ऐकू गेलं नाही. "आं?" मी पुन्हा म्हणाले, न्हाय, आणि तेही त्या आवाजात बुडालं. मग मी नुसती मान आडवी हलवली. आबांनी काचेतून बघितलं आणि पुढं सगळी वाट एक शब्द बोलले नाहीत. आबा गप्प बसले आहेत असं मी तेव्हा प्रथमच बघत होते.

टाकी पेठेत आली तेव्हा बोळात ही गर्दी. तालमीतल्या पोरांनी ती उतरवली, आत घेतली. समोरच्या भिंतीला बुद्धमूर्ती आणि प्रशांतचा फोटो. तो कोपरा हलवायचा नाही असं आबांनी आधीच बजावलेलं. मग एवढी लांब वस्तू मावणार ती दाराशेजारच्या भिंतीलाच. लोक आत घुसायला लागले म्हणून बापूंनी डावं कवाड लावून कडी घातली आणि त्या अंगाला स्टँड मांडून टाकी चढवली. लगेच नळाला पाइप जोडून पाणी सोडलं. काठोकाठ भरली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि मग बाहेर जायला म्हणून कुणीतरी डावं कवाड ओढलं... ते टाकीवर जाऊन थडकलं आणि तिथंच अडलं. बापूंनी कपाळावर हात मारला. पोरं म्हणाली, पाणी काढू या आबा, घटकाभराचं काम. आबा टाकीकडं बघत राहिले, आणि मग हळूच विचारलं, "म्हंजे भरल्यावर ही हलतच न्हाय म्हणा?" पोरं म्हणाली, छे, काच फुटंल. "मग ऱ्हाऊ दे," आबा म्हणाले, आणि त्यांच्या तोंडावर जे आलं ते बघून मला कळलं की ह्या माणसाला काहीतरी सुचलं आहे.

रविवारी दादा आला. माझी बॅग मी बांधून ठेवली होती, कारण तसं सांगितलं होतं. आबांनी त्याला चहा दिला आणि नेहमीच्या बसमधल्या आवाजात म्हणाले, "न्ह्या की तुमची बहीण. आमी कोण अडवणार? पर ही टाकी तिच्यासाठी आणलीया, ती बी न्ह्यायला पायजे. आन् भरलेली टाकी हलत न्हाय." दादा म्हणाला, रिकामी करू. आबा म्हणाले, "परवाच भरलीया. मासं सोडायचं हायती. त्यास्नी पाणी मानवायला येळ लागतोय. पाणी मानवू दे, मग बघू." दादानं माझ्याकडं बघितलं. मी खाली बघत होते. तो चहा पिऊन एकटाच परत गेला. नंतर महिना-पंधरा दिवसांनी त्याचा फोन यायचा, "आबा, मानवलं का पाणी?" आणि आबा म्हणायचे, "अजून जरा गढूळ दिसतंय ओ." असं करता करता फोनवरचा तो प्रश्न चेष्टेचा झाला आणि मग सुटून गेला.

लोकांच्या तोंडाचं काय, तर त्याचाही बंदोबस्त टाकीनंच केला. उजवं कवाड आबांनी दिवसभर उघडं टाकलं. पेठेतली पोरंटोरं, त्यांच्या आया, फुटबॉलची प्रॅक्टिस संपवून येणारे, सगळे मासे बघायला आत. ज्या बायका बोलत होत्या त्याच येऊन टाकीपुढं बसायला लागल्या. ज्या घरात संध्याकाळी पाय ठेवायला जागा नाही, त्या घराबद्दल काय बोलणार? आबा खाणं टाकायचे तेव्हा सगळे मासे एकाच कोपऱ्यात यायचे आणि आबा ओरडायचे, "मागं सरका की, मागं सगळी गाडी मोकळी हाय!" पोरं खिदळायची. पुढं आबांनीच मला टायपिंगच्या क्लासला घातलं, मग मी एका वकिलांच्या ऑफिसात लागले. पहिल्या दिवशी ते मला बसस्टॉपवर सोडायला आले आणि माझ्याकडं तिकीट आहे का ते कंडक्टरला दोनदा विचारलं. ह्या माणसानं मला कधी उपदेश केला नाही, कधी डोक्यावर हात ठेवून "मी आहे" असं म्हटलं नाही. त्यांनी फक्त माझ्या जाण्याच्या वाटेत एक न हलणारी वस्तू ठेवली. त्यांच्या उपकारातून मी उतराई होणार नाही, आणि मला व्हायचंही नाही.

आबांचा जलदान विधी झाला त्या दिवशी सगळे पांगल्यावर दादा मागं थांबला. आता त्याचेही केस पिकले आहेत. मी टाकीत खाणं टाकत होते. तो आबांच्या खुर्चीत न बसता शेजारी खाली बसला. मग अगदी हळू म्हणाला, "शुभे, आता तर घरात कोणच न्हाय. काय करायचं?"

मी डबा झाकला. हात पुसले. इतकी वर्षं माझ्यावतीनं टाकी बोलत होती, आणि त्या घटकेला मला तिची आठवणसुद्धा झाली नाही. "मी हितंच राहतो, दादा," मी म्हणाले. "मला राहायचंय."

दादा माझ्याकडं बघत राहिला. त्याचे डोळे भरले होते. "मग हे तवाच सांगायचं न्हाईस व्हय, येडे?"

"तवा येत न्हवतं," मी म्हणाले.