नाव न घेणारे मास्तर

आंबेडकरी जलशात ज्याला झोडायचं त्याचं नाव मास्तर कधीच घेत नसत. गावच्या पुढाऱ्याची नक्कल करायची तर नुसतं खांद्यावरचं उपरणं झटकायचे, आणि अख्खी वस्ती हसून लोळायची.

मी चळवळीच्या पत्रकांवर वाढलेला पोरगा. जलशासाठी लिहिलेल्या माझ्या गाण्यात नाव, गाव, हुद्दा सगळं ठसठशीत असायचं. ते वाचून मास्तर चष्मा कपाळावर ढकलत. "लेका, नाव घेतलं की लोक तुझ्याकडं बघतेत. न्हाई घेतलं की एकमेकांकडं बघतेत. त्यात लई ताकद हाय."

"मास्तर, ही भीती आहे."

"व्हय, भीती बी हायच की! सरकारी शाळेतला मास्तर हाय मी."

लातूर जिल्हा नवा झाला, तेव्हा दुष्काळ होता. आमच्या बौद्धवस्तीची विहीर आटलेली, टँकर आठवडाभर फिरकला नव्हता. नव्या जिल्ह्याच्या कलेक्टर साहेबांचा सत्कार शाळेच्या मैदानावर ठरला. धूळ उडू नये म्हणून आमच्या वाट्याचा टँकर तिथं शिंपडताना बायांनी पाहिला. आणि स्वागतगीत सांगितलं होतं मास्तरांच्याच जलशाला!

"गाऊ नका," मी ओरडलो.

"गातो की," मास्तर म्हणाले.

गायले, अगदी सुरात. शेवटच्या ओळीला मंचावरून उतरले, शिंपडलेल्या ओल्या मातीत गुडघे टेकले आणि रिकामी ओंजळ ओठांना लावली. बस्स. महाडच्या तळ्यावरची बाबासाहेबांची ती ओंजळ आमच्याकडं पोरंसोरंही ओळखतात. मागं बसलेल्या बाया उठल्या, मग बापे. सगळ्यांच्या रिकाम्या ओंजळी ओठांशी. घोषणा एकही नाही.

साहेबांनी शेजारी बसलेल्या गावच्या पुढाऱ्याला विचारलं, "हे काय चाललंय?" टँकर वळवणारा तोच. सगळं त्यालाच स्वतःच्या तोंडानं सांगावं लागलं.

संध्याकाळी टँकर वस्तीत आला. महिन्याभरात मास्तरांची बदली झाली, थेट कर्नाटकाच्या सीमेवर. एस.टी.च्या खिडकीशी मी नुसता धुमसत होतो. "आता तरी नाव घ्या! कुणी केलं हे?"

मास्तरांनी पोत्यात बांधलेला डफ मांडीवर घेतला. "तिकडं कानडी चालते म्हणे. माझं गाणं कळंल, न्हाई कळंल. पण टँकर तर तिकडं बी येत असंल, अन् रिकामी ओंजळ बी कळंलच की!"

गाडी सुटली.