भिंतीतल्या तीन रायफली

पंचवटीतल्या त्या प्रकरणाला चाळीस वर्षे उलटली, तरी दसरा जवळ आला की ते मला हटकून आठवते. ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. मी नाशकात फौजदार होतो. शिपाई म्हणून भरती झालो आणि खात्याच्या परीक्षा देत वर आलो. त्याआधी वडिलांबरोबर विंचूरच्या बाजारात कांदा विकायचो. समोरचा कधी खरे बोलतो आणि कधी नुसता भाव पाडतो, हे मी तिथेच शिकलो. आमचे साहेब मात्र थेट अधिकारी म्हणून आलेले, माझ्याहून दहा वर्षांनी लहान.

दसऱ्याला दोन दिवस उरले होते. सकाळी ठाण्यात फोन आला. अमुक गल्लीत अमुक घरात बंदुकांचा साठा आहे, एवढे बोलून पलीकडच्या माणसाने फोन ठेवला. नाव सांगितले नाही. निनावी फोन करणाऱ्याला दोनच गोष्टी हव्या असतात, एक तर कायद्याला मदत किंवा शेजाऱ्याचे वाटोळे. मी स्टेशन डायरीला नोंद केली, हवालदार आणि दोन शिपाई घेतले आणि निघालो.

घर एका सरकारी कचेरीतल्या कारकुनाचे होते. बौद्ध कुटुंब. वर्षभरापूर्वी त्याने ते जुने घर विकत घेतले होते, आणि त्या गल्लीत त्या समाजाचे ते पहिलेच घर होते. जीप थांबली तेव्हा तो अंगात शर्ट घालून दारातच उभा होता.

"मी तुमच्याकडेच निघालो होतो," तो म्हणाला.

"आम्ही दारात आलो की सगळे आमच्याकडेच निघालेले असतात," मी म्हणालो.

त्याने वाद घातला नाही. आत नेऊन पलंगाखालून गुंडाळी ओढून दाखवली. मेणकापडात बांधलेल्या तीन रायफली, दोन लांब आणि एक आखूड. लोखंडावर गंज चढलेला, पण लाकूड शाबूत. स्वयंपाकघर वाढवायला त्याने गवंडी लावला होता. आदल्या दुपारी भिंतीतले कपाट फोडताना मागे पोकळी लागली आणि त्यात हे निघाले. तो कचेरीत होता. बायकोने काम थांबवले, गवंड्याला चहा पाजला आणि कुणाला बोलू नकोस म्हणून विनवले. गवंडी अर्थातच बोलला. संध्याकाळी नवरा घरी आला आणि दोघांनी ठरवले, रात्री ठाण्यात गेलो तर आतच बसवतील, सकाळी उजेडी जाऊ. चूक एवढीच. पण त्या एका रात्रीमुळे रायफली कायद्याने त्याच्या ताब्यात आल्या होत्या.

पंचनामा करताना एका रायफलीच्या दस्त्यावरच्या नक्षीत लाल काहीतरी भरलेले दिसले. मी ते नखाने उकरले. मला गंज वाटला. हवालदाराने वास घेऊन पाहिला.

"कुंकू हाय साहेब," तो म्हणाला. "थरावर थर बसलाय."

मुद्देमाल सील केला आणि कारकुनाला चौकशीसाठी जीपमध्ये घालून आणले. गल्लीतली सगळी दारे उघडी होती.

ठाण्यात मी त्याला बराच वेळ उलटसुलट विचारले. आवाज चढवला, टेबलावर हात आपटला. माझा राग तेव्हा प्रसिद्ध होता आणि मी तो वापरतही असे. तो घाबरला होता, पण जबाब बदलत नव्हता. शेवटी म्हणाला, "साहेब, मला लपवायच्या असत्या तर मी गवंडी कशाला लावला असता?"

मी त्याचा जबाब होता तसा लिहून घेतला.

जुना मालक आता सिन्नरला होता. त्याची लाकडाची वखार होती. त्याला बोलावून घेतले. तो अगदी शांतपणे म्हणाला की त्यांच्या घरात कधी बंदूक नव्हती, नव्या माणसाने कुठून काय आणले ते त्यालाच विचारा. जाताना मला म्हणाला, "फौजदारसाहेब, आता कशी कशी माणसं वस्तीत येतात, तुम्हाला काय सांगायचं." बाजारात मालाचा दोष झाकायचा असला की माणूस शेजारच्या मालाला नावे ठेवतो. तिथेच मला हा गडी खटकला.

साहेबांना यातले काही ऐकायचे नव्हते. सणापूर्वी शस्त्रसाठा पकडला, आरोपीसह फोटो, एवढे त्यांच्या डोळ्यांसमोर होते. अटक दाखवा म्हणाले. अटक झाली आणि कोठडी दोन दिवसांहून लांबली की सरकारी नियमाने कारकून निलंबित होणार होता. पुढे कोर्टात सुटला असता, पण तोवर नोकरी, घर आणि अब्रू तिन्ही गेले असते.

मी साहेबांशी सौदा केला. म्हणालो, दसऱ्यापर्यंत अटक दाखवू नका. खरा मालक आणून देतो. आणला तर श्रेय तुमचे, माझे नाव कुठेही नको. नाही आणला तर अहवालात सगळा दोष माझ्यावर लिहा. साहेबांना दोन्हीकडून फायदाच होता. ते हो म्हणाले. कारकुनाला संध्याकाळी घरी पाठवले, रोज ठाण्यात हजेरीच्या अटीवर.

माझा हिशेब साधा होता. कुंकवाचे इतके थर एका दसऱ्यात बसत नाहीत. या रायफली वर्षानुवर्षे पूजल्या गेल्या होत्या, आणि कारकुनाच्या घरी शस्त्रपूजा होतच नव्हती. ज्या घरात ती चालत आलेली असते, तिथे दसऱ्याला काही ना काही पुजल्याशिवाय राहत नाहीत. नाकारायला जीभ असते, पण सणाची मांडामांड बायका जशी चालत आली तशी करतात.

दसऱ्याला ठाण्यातली शस्त्रपूजा आटोपली आणि मी साध्या कपड्यांत हवालदाराला घेऊन सिन्नर गाठले. हातात आपट्याची पाने होती. सणाच्या दिवशी सोने द्यायला आलेल्याला कोणी दारातून परत पाठवत नाही. वखारवाल्याने नाइलाजाने आत घेतले. ओसरीवर पूजा मांडली होती. करवती, कुऱ्हाडी, तराजू. आणि त्यांच्या शेजारी, झेंडूची माळ घातलेली, भिंतीला टेकवलेली एक लाकडी घोडी. वस्तू आडव्या टेकवून ठेवायची, तीन खाचांची. तिच्यावर काहीच नव्हते, पण प्रत्येक खाचेला हळदकुंकू लावलेले होते.

त्याची बायको गोड आवाजात बोलणारी साधी बाई. पाणी घेऊन आली. मी सहज विचारले, "वहिनी, ही रिकामी घोडी कशाला पुजता?"

"मामंजींच्या बंदुका असायच्या हिच्यावर," ती म्हणाली. "जंगलाचे ठेके घ्यायचे ना ते, पेठ-सुरगाण्याकडं. मग त्यांनी त्या गंगेत सोडल्या. तेव्हापासून आम्ही घोडीच पुजतो."

नाशकात गोदावरीला गंगाच म्हणतात. वखारवाल्याने बायकोकडे पाहिले आणि खाली बसला.

मग सगळे बाहेर आले. परवाना पुढे मिळेना, बंदुका जमा करा असा हुकूम आला. म्हाताऱ्याचा जीव होईना. त्याने विकल्या असे सरकारला सांगितले, गंगेत सोडल्या असे घरच्यांना सांगितले आणि भिंतीत चिणल्या. मुलाला खरोखर ठाऊक नव्हते. पण रायफली निघाल्याचे कळताच त्या कुणाच्या हे तो ओळखून चुकला होता. बापाचे खोटे उघडे पडू नये म्हणून दुसऱ्याचा बळी जात असताना तो गप्प बसला. "काहीतरी मिटवा साहेब," असे तो म्हणाला तेव्हा मी त्याला काय काय ऐकवले ते इथे लिहिण्यासारखे नाही. नंतर शांतपणे सांगितले, आजच्या आज खरा जबाब दे, तुला बंदुकांचा ठावठिकाणा माहीत नव्हता हेही मीच लिहीन. उद्या दिलास तर लिहिणार नाही.

तो आमच्याबरोबर आला. घोडीही आणली. पंचांसमोर सील उघडून रायफली खाचांत ठेवल्या. दोन लांब बसल्या आणि आखूड खाचेत आखूडच बसली. पुढे जुन्या परवान्याच्या नोंदींशीही क्रमांक जुळले.

कारकून हजेरीला आला होता. पांढरे कपडे, धम्मचक्र दिनाच्या वंदनेहून थेट ठाण्यात. मी त्याला सांगितले, तुमच्यावर काही नाही, जा घरी. तो उठला नाही.

"साहेब, नेताना मला जीपमधून नेलंत," तो म्हणाला. "चालत गेलो तर लोक म्हणतील, काहीतरी देऊन सुटला. तसंच सोडायला या."

माझ्याशी एवढा चोख सौदा कोणी केला नव्हता. मी वर्दी चढवली, त्याला पुढच्या सीटवर बसवले आणि भर संध्याकाळी, लोक एकमेकांना सोने देत फिरत असताना, जीप गल्लीत घातली. मधोमध थांबवून मोठ्याने सांगितले की रायफली जुन्या घरमालकाच्या आहेत, तसा जबाब झाला आहे, आणि ज्याने कुणी फोन केला त्यानेही हे ऐकून ठेवावे. मग समोरच्या ओट्यावरचा एक माणूस उतरला आणि त्याने कारकुनाच्या हातावर आपट्याची पाने ठेवली. फोन करणारा तोच की दुसरा, मी विचारले नाही. कारकुनाने पाने घेतली, "जय भीम" म्हणाला आणि दारात उभ्या असलेल्या बायकोकडे गेला.

वर्तमानपत्रात फोटो साहेबांचा आला. प्रशस्तिपत्रही त्यांनाच मिळाले. माझी बढती त्या वर्षी राहिली ती पुढे बरीच वर्षे राहिली. सौदा मीच केला होता, पण खरे काम कोणाचे हे खात्याला ठाऊक नव्हते असे मी कधी मानले नाही, आणि ते मला आजही सलते.

कारकून मात्र त्याच घरातून निवृत्त झाला. निर्दोष असा शेरा आपण कागदावर मारतो आणि तो कागद कपाटात जातो. माणसाला जगायचे असते गल्लीत. त्यानंतर नोकरीत असेपर्यंत ज्याला चौकशीला जीपमधून आणले आणि जो स्वच्छ निघाला, त्याला मी दिवसाउजेडी, वर्दीत, त्याच्या दारापर्यंत पोचवला. पेट्रोलचा खुलासा अनेकदा मागितला गेला. मी प्रत्येक वेळी एकच उत्तर लिहिले: तपासाचे काम अपुरे होते, ते पूर्ण करायला गेलो.