लेडीज डब्याचा शिरस्ता

नोकरीची तेरा वर्षं अलकनंदा आयएनए स्टेशनला दिल्ली मेट्रोच्या पहिल्या, लेडीज डब्यात चढायची आणि तिचे यजमान गुणवंतराव मागच्या डब्यात. राजीव चौकाला दोघं जिन्यापाशी भेटायचे.

गुणवंतरावांना हल्ली काही आठवेनासं झालं, म्हणून गेल्या महिन्यात दोघं डॉक्टरांकडे निघाले. पण मेली सवय! अलकनंदा पुढच्या डब्याकडे धावलीच. राजीव चौकाला जिन्यापाशी कुणी नव्हतं. दोन तासांनी ते शेवटच्या स्टेशनातल्या बाकावर सापडले.

तेव्हापासून ती त्यांच्याच डब्यात, त्यांची बाही मुठीत घट्ट धरून उभी राहते. आज गुणवंतरावांनी ती बाही हळूच सोडवून घेतली. पस्तीस वर्षांच्या संसारात तिच्याशी हिंदीत चकार शब्द न बोललेला तो माणूस अदबीने म्हणाला, "मॅडम, लेडीज कोच आगे है."