पावसावर सर्वसंमती

"विदर्भात तुरळक ठिकाणी पावसाची शक्यता." रेडिओवर हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरायचं. अकरा जिल्ह्यांना मिळून एक वाक्य. बुलढाण्याचा कापूसवाला आणि आमच्या चामोर्शीकडचा धानवाला, दोघांनाही तेच तुरळक, तीच शक्यता. तुरळक म्हणजे कुठं? कोणाच्या बांधात? मी तेव्हा पंचविशीच्या आत होते, संघटनेची पूर्णवेळ कार्यकर्ती होते, आणि जे वाक्य कोणालाच उत्तर देत नाही त्याच्याविरुद्ध पत्रक काढायला एका पायावर तयार होते.

पत्रक हेच माझं खरं शिक्षण. चामोर्शीच्या बाजाराला लागून आमची एक खोली होती. सायक्लोस्टाइलचं जुनं यंत्र, कोपऱ्यात झेंड्यांच्या काठ्या, आणि शाईचा तो वास, जो दोनदा साबण लावूनही भाकरीला लागायचा. आज कुठं तसा वास आला तर मी अजून थांबते. संघटनेतले थोरले भाऊ माझा मजकूर तपासायचे आणि 'कदाचित', 'बहुतेक', 'शक्यता' हे शब्द दिसले की पेन आडवं मारायचे. लोक कदाचितसाठी घरून निघत नाहीत, असं त्यांचं म्हणणं. मला ते शंभर टक्के पटायचं.

ज्या गावात माझं जास्त जाणं होतं तिथं मालगुजारीच्या काळातला एक मोठा तलाव होता. पाण्यावर हक्क शेतकऱ्यांचा, माशांवर ढिवरांच्या, म्हणजे मच्छीमारांच्या, सोसायटीचा. पावसाळ्याच्या तोंडी ढिवर तलावात रोहू-कटल्याचं बीज सोडायचे आणि दिवाळीनंतर जाळं टाकायचे. मधल्या काळात भीती एकच, सांडव्याची. तलाव भरून पाणी सांडव्यावरून बोटभर वाहिलं तर बांबूच्या कामट्यांची जाळी मासे अडवते. पण आधीच काठोकाठ भरलेल्या तलावावर एखादा जोराचा पाऊस झाला की जाळीसकट सगळं वाहून जातं. लागोपाठ दोन वर्षं तसंच झालं होतं. खालच्या बांधांमध्ये, म्हणजे धानाच्या शेतांमध्ये, लोकांनी रोहू वेचले, आणि सोसायटीची माणसं मजुरीला तेलंगणाकडे मिरच्या तोडायला गेली. तिसऱ्या वर्षीही मासे गेले असते तर सोसायटीच मोडली असती. अर्धी घरं नावं काढून घ्यायच्या तयारीत होती.

उपाय सोपा होता. जोराचा पाऊस येणार हे तीन-चार दिवस आधी कळलं तर तुडूम, म्हणजे तलावाच्या पाळीतलं पाणी सोडायचं दार, उघडून तलावात जागा करून ठेवायची. पण कळणार कसं? "तुरळक ठिकाणी" ऐकून कोणी तुडूम उघडतं का?

त्याच सुमारास पेपरात आतल्या पानावर एक छोटी बातमी होती: जगाचा हवामान-अंदाज काढणारी यंत्रणा सुधारली, उपग्रहांची माहिती आता जास्त चांगल्या रीतीनं वापरणार. मी ती कापून ठेवली आणि मोर्च्यासाठी नागपूरला गेले तेव्हा एका कॉलेजात हवामानशास्त्र शिकवणाऱ्या सरांना गाठलं. जाताना निवेदन घेऊन गेले. कुठल्याही टेबलासमोर निवेदनाशिवाय उभं राहायची आम्हाला सवयच नव्हती. सरांना कसलाच अधिकार नव्हता, तरी त्यांनी ते शांतपणे वाचलं, दुसऱ्या प्रतीवर 'मिळाले' लिहून सही केली आणि चहा मागवला.

मग त्यांनी समजावलं. उपग्रह वरून पाऊस बघत नाही, खालून येणारे किरण मोजतो. पूर्वी त्या मोजमापांवरून आधी वेगळा हिशेब करून हवेचं तापमान, ओलावा काढायचे आणि तो संगणकाला द्यायचे. त्या हिशेबातल्या चुका पुढच्या अंदाजात जायच्या. आता किरणांची मोजमापंच सरळ देतात. संगणक आधी स्वतःचा अंदाज बांधतो, उपग्रहाला काय दिसायला हवं ते सांगतो, मग खरंच काय दिसलं ते बघतो, आणि दोन्हींवर किती भरवसा ठेवायचा ते तोलून मधलं काहीतरी धरतो.

"म्हणजे तिथंबी सभाच होते," मी म्हटलं.

ते हसले. मग सहज म्हणाले, की पूर्वी ढगाळ जागेची बरीचशी मोजमापं टाकूनच द्यायचे, ढगामुळे हिशेब गडबडतो म्हणून. आता हळूहळू तीही घ्यायला लागलेत.

मी चहा खाली ठेवला. "सर, आमच्याकडे चार महिने ढगच असतो. म्हणजे चार महिने आम्ही तुमच्या हिशेबात नव्हतोच?"

सरांनी कागद पुढे ओढला आणि पेन काढलं. परतीच्या एसटीत मी पत्रकाचा मथळासुद्धा तयार केला: 'ढगाखालची माणसं मोजणार कोण?' तो छापला नाही, पण मथळा चांगला होता हे मी अजूनही म्हणते.

सरांनी एक पत्ता लिहून दिला होता. गडचिरोलीच्या इंटरनेट कॅफेत बसून तो टाकला की पुढच्या चार-पाच दिवसांच्या पावसाचा नकाशा उघडायचा. वीज गेली की सगळं पहिल्यापासून. आम्ही कॅफेवाल्याला नगरपरिषदेविरुद्धच्या तक्रारीत मदत केली होती, म्हणून तो मला खुर्ची सोडायचा. सप्टेंबरात एके दिवशी बंगालच्या उपसागरावरून निघालेला एक जांभळा डाग त्या नकाशांत दिवसागणिक आमच्याकडे सरकताना दिसला. चौथ्या दिवसाच्या नकाशात तो बरोबर वैनगंगेवर होता.

कॅफेतलं छपाईयंत्र काळं-पांढरंच. जांभळा आणि फिका हिरवा दोन्ही एकाच राखाडीत निघाले. मुसळधार आणि कोरडं यांत फरकच दिसेना. मी स्टँडवर स्केचपेनं घेतली आणि बाकावर बसून तो नकाशा आठवून आठवून रंगवला. मग गावी गेले.

त्या गावाचा एक नियम होता, आणि तो आम्हीच रुजवला होता: गावाचा निर्णय बहुमतानं नाही, सर्वसंमतीनं. एकानं नाही म्हटलं तर सभा उठायची आणि पुन्हा भरायची. दारूबंदीच्या बाबतीत, बांबूवरच्या हक्काच्या बाबतीत या नियमानं आम्ही मोठमोठ्या साहेबांना घाम फोडला होता. तलाव काठोकाठ भरलेला, धान निसवायला, म्हणजे लोंब्या बाहेर टाकायला, आलेलं, आणि सभेपुढे प्रश्न होता: पाऊस येणार का?

आम्ही चक्क त्यावर सर्वसंमती करायला बसलो. आता हसू येतं. तेव्हा कोणालाच त्यात वावगं दिसलं नाही.

मी उभं राहून नकाशा दाखवला आणि पत्रकासारखी बोलले. पाऊस येणार. शंका नाही. मागून एकानं नकाशा हातात घेतला, बोट फिरवलं, बोटाला जांभळा रंग लागला.

"हे तं तूच रंगवलं," तो म्हणाला. "मंग पाऊस बी तूच पाडून राह्यली का?"

सभा हसली. सोसायटीचे अध्यक्षभाऊ मात्र हसले नाहीत. त्यांनी सांगितलं, की या वर्षी मासे गेले तर पुढच्या वर्षी बीज सोडायला माणसंच राहणार नाहीत. शेतकऱ्यांपैकी बरेच जण तयार झाले. एक बाई झाल्या नाहीत. विधवा, साठीच्या पुढच्या, आणि त्यांचा बांध पाटाच्या अगदी शेवटी. तलावातलं पाणी खाली गेलं की जोर कमी होतो आणि शेवटच्या बांधाला पाणी पोचत नाही. ऐन निसव्यात आठ दिवस पाणी तुटलं की लोंबी पोची, आत दाणाच नाही.

"पाऊस येईन असं मले वाटत नाई," त्या म्हणाल्या. "मी संमती कशी देऊ?"

सभा उठली. दुसऱ्या दिवशी पुन्हा भरली, पुन्हा तेच. एक जण म्हणाला, पावसालेच बोलवा सभेत, त्याची संमती घ्या म्हणजे भानगड मिटली. मी एसटीडी बूथवरून सरांना फोन लावला आणि विचारलं, येणार की नाही ते एका शब्दात सांगा. ते म्हणाले, शक्यता बरीच आहे, खात्री नाही. मी चिडून म्हटलं, असं घेऊन मी सभेत जाऊ शकत नाही. ते म्हणाले, असंच घेऊन जा, याच्यापेक्षा जास्त माझ्याकडे नाही.

मी तसंच घेऊन गेले. आयुष्यात पहिल्यांदा सभेपुढे 'शक्यता' हा शब्द बोलले, आणि तो तोंडात खड्यासारखा लागला. मग अध्यक्षभाऊ त्या बाईंकडे वळले.

"बाई, पाऊस येते का नाई, हे सोडून दे. नाई आला तं तुह्या बांधाले पाणी आम्ही देऊ. हातानं उपसून देऊ. सोसायटीचं प्रत्येक घर."

बाईंनी त्यांच्याकडे बघितलं. "लोंबी भरेपर्यंत?"

"लोंबी भरेपर्यंत."

"मंग खोला. पाऊस येईन असं मी म्हटलं नाई, हे ध्यानात ठेवा."

तुडूम त्याच संध्याकाळी उघडला. पाणी हातभर उतरलं. दोन दिवसांनी आभाळ काळंभोर झालं, ढिवरांची माणसं जाळीपाशी जाऊन उभी राहिली, आणि पाऊस कोसळला वैनगंगेच्या पलीकडे. पलीकडच्या पोंभुर्ण्याहून माझ्या बाबांचा फोन आला, अंगणात गुडघाभर पाणी आहे म्हणून. आमच्याकडे धूळ बसण्यापुरते थेंब.

"पाऊस तुह्या बापाच्या गावाले गेला," गावातलं लहान पोरही मला ऐकवायचं. मी सरांवर फोनवर तोंडसुख घेतलं. ते म्हणाले, सगळ्या जगाच्या नकाशात नदीचा हा काठ आणि तो काठ एकाच चौकोनात असतो. मी म्हटलं, तुमचा चौकोन फार मोठा आहे. ते म्हणाले, हो, खरं आहे, लहान करणं चालू आहे. भांडायला आलेल्या माणसाला लगेच 'खरं आहे' म्हणणारी माणसं मला तेव्हा फार त्रासदायक वाटायची.

आठवड्याभरात शेवटच्या बांधाला भेगा पडायला लागल्या, आणि सोसायटीची घरं पाळीपाळीनं आली. पाटाच्या शेवटाशी खोलगट जागेत पाणी साचलं होतं, बांध त्याच्या वर. तेलाचा पिपा कापून दोन्ही बाजूंना दोऱ्या बांधल्या. दोघांनी समोरासमोर उभं राहून झुलवायचा, भरायचा, वर रिकामा करायचा. मीही केलं. हातांना फोड आले, आणि माझ्यासमोर दोरी धरलेली बाई माझ्या झोक्याला इतकी हसली की पिपा दोनदा तिच्याच पायावर सांडला. त्या म्हाताऱ्या बाई धुऱ्यावर, शेताच्या कडेला, बसून होत्या. कोणी आल्याबद्दल आभार मानले नाहीत, फक्त पाणी कुठल्या कोपऱ्यात पोचलं नाही ते काठीनं दाखवायच्या. एकदा मला म्हणाल्या, "उपग्रहवाली, हळू झुलव. बांध फोडशीन."

लोंबी भरली. मासेही राहिले, कारण सांडवा वाहिलाच नाही. दिवाळीनंतर जाळं पडलं, आणि सोसायटीतून कोणी नाव काढून घेतलं नाही. नकाशा चुकला आणि वर्ष निघालं. याचं पत्रक कसं लिहायचं हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

त्या दिवसांबद्दल आता बोलायला गेलं की पोरं मोबाईल दाखवतात. पाऊस तासातासानं, टक्क्यांत. अंदाज कितीतरी सुधारला, ढगाखालची मोजमापंही हिशेबात आली, हे मला बरं वाटतं, भांडून मागितलं होतं म्हणून जास्तच. पण पाऊस आता ज्याचा त्याच्या खिशात असतो. आपापल्या विहिरीवरचा पंप ज्यानं त्यानं चालू करायचा, ज्यानं त्यानं बंद. अंदाज चुकला तर शेवटच्या बांधाचं काय, हे विचारायला कोणी सभा बोलवत नाही, आणि मला याचा राग येतो.

कारण मी ती पुढच्या वर्षीची सभा बघितली आहे. तलाव पुन्हा भरलेला, पुन्हा सप्टेंबर, पुन्हा माझा स्केचपेनचा नकाशा. मी उठून "शक्यता आहे" इथपर्यंत आले, तोच त्या बाईंनी हात वर केला.

"पाऊस येते का नाई ते मले नका सांगू," त्या म्हणाल्या. "तुडूम खोला. पिपा कुठी ठेवला ते मले ठाऊक आहे."

सर्वसंमती झाली, सभा बसली तशी उठली. या वेळी पाऊस नदीच्या अलीकडेच पडला, रात्रभर आणि मग दुपारपर्यंत. उतरवलेला तलाव चढत चढत सांडव्याला लागला आणि पाणी बोटभर वरून वाहू लागलं. आम्ही सगळे पाळीवर भिजत उभे होतो. कामट्यांची जाळी थरथरत होती, पण उभी होती. एक मोठा रोहू तिच्यापाशी आला, तोंड लावून बघितलं, आणि खोल पाण्यात परत गेला.