पोच आली, माल कुठाय?

औषधांच्या गोदामात तिला सगळे पोचबाई म्हणत. गाडी सुटली की माल मिळाल्याची सही, म्हणजे पोच, येईपर्यंत तिचा जीव टांगणीला. आणि पोच आली तरी ही बाई फोन करून विचारणारच, "माल कुठाय?" अकरा वर्षं हेच. ड्रायव्हर मंडळी वैतागत, पण त्यांचं 'निघालोच' म्हणजे अजून चहा संपायचाय, हे त्यांच्या बायकांआधी तिला कळे.

आता मुख्य ऑफिसात बढती चालून आली होती. साठ हॉस्पिटलांचा पुरवठा स्क्रीनवर बघायचा आणि ठरल्या वेळी घरी. चारपर्यंत होकार कळवायचा होता. नवऱ्याने सकाळीच बजावलं होतं, "घे गं बाई. जेवताना तुझा एक कान फोनकडे असतो, एक माझ्याकडे. माझ्याकडचा नुसता नावाला." तिला हसू आलं, पण बोलणं खोटं नव्हतं. होकाराचं पत्र तिने लिहूनही ठेवलं होतं.

तीन वाजता इन्शुलीनच्या गाडीची नोंद स्क्रीनवर हिरवी झाली. सहीही आली. तिने सही नीट बघितली. ती हॉस्पिटलच्या गेटवरच्या वॉचमनची होती.

हॉस्पिटलच्या औषधांच्या स्टोअरमध्ये कोणी फोन उचलेना. चौथ्यांदा तिथल्या क्लार्कने उचलला.

"मिळालं की ताई, सही झालीये ना?"

"फ्रीजमध्ये आहे का? जाऊन बघा दादा, हात लावून सांगा. मी थांबते."

टेबलावर फोन ठेवल्याचा आवाज आला, मग काहीच नाही. उन्हात तापलं की त्या औषधाचं पाणी होतं, दिसायला मात्र तसंच. टोचून घेणाऱ्यालाच काय ते कळायचं. तिला वाटलं, कशाला पडलो आपण या धंद्यात!

"ताई," तो धापा टाकत म्हणाला, "खोकी जिन्याखाली होती. ऊन आलं होतं अंगावर. आत ठेवली. खोक्यावरचा तापमापक सात दाखवतोय."

पारा आठ अंशांच्या वर गेला असता तर सगळं फेकावं लागलं असतं. तिने तो आकडा नोंदवून घेतला.

चारला मुख्य ऑफिसातल्या साहेबांचा फोन आला. तिने घडलेलं सांगितलं आणि विचारलं, "तिकडे बसून मला हे कळलं असतं का?"

"कशाला कळायला हवं? हिरवं झालं की आपलं काम संपलं. उलट बरंय ना ताई, चूक तुमच्या अंगावर येणार नाही."

"नको साहेब," ती म्हणाली. "मी इथेच बरी आहे."

बरी, हे धादांत खोटं होतं. रात्री जेवतानाही एक कान फोनकडेच असणार होता. पण कुठल्या तरी जिन्याखाली खोकी तापत असताना आपण वेळेवर घरी जाऊ आणि आपल्याला छान झोपही लागेल, याचीच तिला सगळ्यात जास्त भीती वाटली होती.